थंड असताना टकटक, तापली की गप्प

सकाळी पहिल्या किकला जुनी राजदूत उठते आणि तिच्या पोटातून टकटक असा कोरडा आवाज यायला लागतो. मालक तिकडं कान देत नाही. दोन-तीन किलोमीटर गेलं की आवाज विरत जातो आणि नांदेडच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी अगदी गुणाची होते. "तापली की नीट होती, काही झालं नाही तिला," हे वाक्य अर्धापुरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर ऐकायला मिळावं असं आहे.

पण यंत्रातला दोष तापल्यावर बरा कसा होतो? बेअरिंग गेलं असेल तर इंजिन तापल्यावर त्याचा आवाज बहुधा वाढतो. चेन सैल असेल तर ती सैलच राहते. उष्णतेनं दबणारा हा एक आवाज मात्र थेट पिस्टनकडं बोट दाखवतो. तो का दबतो हे समजलं, की पिस्टन आणि सिलिंडर किती झिजलंय हे कसं तपासायचं याचा निम्मा धडा तिथंच होतो.

अर्धापूरच्या या केळीच्या पट्ट्यात राजदूतनं पुष्कळ ओझी वाहिली. दुधाचे कॅन, खताची पोती, मागं बसलेली दोन माणसं आणि त्यांच्या मांडीवर एक पोर. पोलंडच्या 'एसएचएल एम-११' या मोटरसायकलच्या आराखड्यावरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० च्या दशकात ती भारतात बनवायला घेतली. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात तिचंच छोटं भावंड पडद्यावर फिरलं आणि त्या मॉडेलला लोक 'बॉबी राजदूत' म्हणू लागले. खेड्यात मात्र चालली ती मोठी. ती बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. आजोबांची गाडी गोठ्यातून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणायची हौस अलीकडं तरुण पोरांत दिसते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात निघालेल्या जावा-येझदी आणि मद्रासची बुलेट यांच्याबाबतीतही तेच चाललंय.

टाकी रंगवून मिळते, क्रोमही नवं चढवून मिळतं. इंजिन बांधायला घेतलं की मात्र एक महाग प्रश्न समोर येतो: नुसत्या पिस्टनवरच्या रिंगा बदलून भागेल, की सिलिंडर आतून घासून मोठा, म्हणजे बोअर, करावा लागेल? बहुतेक वेळा त्याचं उत्तर अंदाजानं दिलं जातं. "काका, सध्या रिंगा टाकून देतो, चालंल वर्षभर," असं मिस्त्री म्हणतो. काकालाही ते ऐकायला बरं वाटतं, कारण रिंगांचा खर्च बोअरिंग आणि नव्या पिस्टनपेक्षा कितीतरी कमी असतो. पुढच्या केळीच्या हंगामाआधीच गाडी पुन्हा किकला हलकी लागते आणि चढाला दम टाकते. चूक रिंगांची नसते. माप न घेता निर्णय घेतलेला असतो.

एकसष्ट मिलिमीटरची नळी

राजदूत १७५ च्या सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, ६१ मिलिमीटर. पिस्टन त्यात वर-खाली जितकं अंतर जातो तो स्ट्रोक, ५९.५ मिमी. याचा गुणाकार-भागाकार केला की १७३.९ घनसेंटिमीटर येतात. कागदावर १७३ सीसी लिहिलं जातं ते हेच. तुलनेसाठी सांगायचं तर जुन्या २५० सीसी जावाचा बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, तर ३५० बुलेटचा ७० आणि ९०.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली, म्हणजे ११९ मिमी चालतो. मिनिटाला ३५७ मीटर झाले. तासाभरात त्या वीतभरही नसलेल्या नळीच्या आतच तो एकवीस किलोमीटर काटतो. अर्धापूरहून निघून नांदेड गाठावं आणि थोडं पुढं जावं, एवढं हे अंतर. हे सगळं घासत-घासतच होतं, फक्त मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो.

आता धातूंचं बघू. या जुन्या गाड्यांचा सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेनं बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६१ मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.१२ मिमीनं वाढतो, तर तेवढ्याच उष्णतेनं बिडाचं भोक ०.०७ मिमीच्या आतच वाढतं. शिवाय पिस्टन थेट जाळाखाली असतो, म्हणून तो सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. म्हणूनच इंजिन थंड असताना दोघांमध्ये मुद्दाम फट ठेवावी लागते. गाडी आणि पिस्टनची बनावट यांनुसार ती ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. मिस्त्री तिला 'क्लिअरन्स' म्हणतात. ती कमी पडली तर तापलेला पिस्टन नळीत आवळला जातो आणि गाडी भर रस्त्यात जाम होते. जास्त झाली तर थंड पिस्टन नळीत डुलतो आणि प्रत्येक स्फोटाला भिंतीवर आपटतो.

सकाळच्या टकटकीचं उत्तर इथं आहे. झिजून झिजून फट दुप्पट-तिप्पट झालेली असते. इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, फट थोडी भरते आणि आपटणं कमी होतं. मालकाला वाटतं गाडी सुधारली. रात्रीतून ती पुन्हा थंड होते आणि सकाळी फट होती तेवढीच उघडते.

पिस्टनबद्दल आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ती म्हणजे तो गोल नसतो. थंड पिस्टन बारकाईनं मोजला तर गजन पिनच्या, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या आडव्या पिनच्या, दिशेनं तो किंचित अरुंद आणि तिला काटकोनात किंचित रुंद भरतो. पिनच्या भोवती धातू जास्त असतो, त्यामुळं तापल्यावर तिकडं तो जास्त फुगतो. म्हणून कारखान्यातच त्याला अंडाकृती घासलेलं असतं, म्हणजे तापल्यावर तो गोलाकडं यावा. वरचा भाग जास्त तापतो म्हणून माथ्याकडंही तो निमुळता असतो. नवा पिस्टन हातात घेऊन "हा तर वाकडाय" म्हणत दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. तो तसाच पाहिजे.

झीज सगळीकडं सारखी होत नाही

नळी घासली जाते म्हणजे ती सगळीकडून थोडी-थोडी मोठी होत असणार, असं साहजिकच वाटतं. तसं घडत नाही. झिजलेलं भोक वरून रुंद, खाली अरुंद आणि नुसतं गोल न राहता लांबट गोल झालेलं असतं. या आकारामागं तीन-चार कारणं एकत्र काम करतात.

पिस्टन वरच्या टोकाला पोचला की क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. तो वेगात असताना तेलाचा पापुद्रा टिकतो, कारण रिंग तेलावर तरंगत जाते. थांबला की पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला लागतो. नेमका त्याच क्षणी वर स्फोट झालेला असतो. तो दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. तिथंच उष्णता सर्वांत जास्त असते, त्यामुळं उरलंसुरलं तेलही पातळ होतं. त्यामुळं वरची रिंग जिथं थांबते, त्याच पट्ट्यात सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो. त्याच्या वर, जिथं रिंग कधी पोचतच नाही, तिथं जुन्या मापाचं एक कोरं कडं शिल्लक राहतं. हेड काढून आत बोट फिरवलं की नखाला एक पायरी लागते, ती हीच. ही पायरी तशीच ठेवून नवी, कोरी धार असलेली रिंग टाकली तर ती तिथं धडकून तुटू शकते. रिंगांनी भागवू म्हणणाऱ्यानं निदान एवढं तरी बघावं.

लांबट गोल होण्याचं कारण कनेक्टिंग रॉडमध्ये आहे. भिंतीला तिरकी शिडी लावून माणूस चढला, तर त्याचं वजन सरळ खालीच जात असतं, तरी शिडी भिंतीला आडवी रेटत असते. रॉडचंही तसंच आहे. स्फोट पिस्टनला सरळ खाली ढकलतो, पण खालचा रॉड त्या वेळी तिरका झालेला असतो, त्यामुळं पिस्टन आडवा भिंतीवर रेटला जातो. हा रेटा गजन पिनला काटकोनात, म्हणजे या गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या भिंतीवर येतो. डाव्या-उजव्या भिंती त्यामानानं बचावतात.

मग येते धूळ. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत शेतरस्त्यावरून एक गाडी गेली की मागच्याला रस्ता दिसत नाही. त्यातले कण बिडापेक्षाही कठीण असू शकतात. एअर फिल्टर फाटका असेल, किंवा कुणीतरी 'पिकअप वाढतो' म्हणून काढूनच टाकला असेल, तर ते कण पेट्रोलबरोबर आत जातात, तेलात मिसळतात आणि पॉलिश पेपरासारखं काम करतात. दहा वर्षांची झीज मग दोन उन्हाळ्यांत होते. फिल्टर काढून फिरणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. वाचवतात काय, तर एक जाळी.

राजदूत, जावा, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना आणखी एक अडचण असते. त्यांच्या सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. जळका धूर ज्या खिडकीतून बाहेर पडतो, तिकडची भिंत सर्वांत जास्त तापते आणि खिडकीच्या जागी टेकायला भिंतच नसल्यानं रेटा उरलेल्या पट्टीवर येतो. इथं वंगण म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल, लिटरमागं साधारण तीस-चाळीस मिली. पैसे वाचवायला कुणी त्यात हात आखडता घेतला, की त्याची किंमत पहिल्यांदा हीच बाजू मोजते.

आधी पिस्टन वाचा

मोजमापाची साधनं काढण्याआधी पिस्टन बाहेर काढावा, पुसावा आणि उजेडात धरावा. घासूनपुसून चकचकीत मात्र करू नये, कारण त्याच्यावरचे डाग हीच त्याची जबानी असते.

रिंगांच्या खालची बाजू तपकिरी-काळी झाली असेल तर स्फोटाचा वायू रिंगांना चुकवून खाली उतरतोय. रिंग काढून तिची बाहेरची कड बघा. ती सगळीकडं सारखी चमकत असेल तर रिंग भिंतीला पूर्ण टेकत होती. मध्येच काळपट पट्टे असतील तर तेवढ्या जागी ती टेकतच नव्हती. म्हणजे भोक गोल राहिलेलं नाही. रिंग काजळीनं खाचेत चिकटली असेल तर ती फाकतच नाही, आणि अशा वेळी सिलिंडर चांगला असूनही कॉम्प्रेशन जातं. टू-स्ट्रोकमध्ये हे सर्रास दिसतं आणि तिथं नुसत्या साफसफाईनं काम होतं.

पिस्टनच्या पुढच्या-मागच्या अंगाला कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा असतात. त्या दिसत असतील तर पिस्टन फार झिजलेला नाही. त्या पुसून राखाडी, मंद अंग झालं असेल तर धुळीनं घास घेतलाय. गजन पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार उभे ओरखडे असतील तर पिस्टन तापून चारी कोपऱ्यांवर आवळला होता. क्लिअरन्स कमी होता किंवा थंड इंजिनाला एकदम पिळलं होतं. फक्त एक्झॉस्टच्या अंगाला धातू ओढला गेला असेल तर तेल कमी पडलं किंवा मिश्रणात पेट्रोल कमी येत होतं. ओरखडे तिरपे असतील, म्हणजे एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली, तर पिस्टनला दोष देऊ नका. कनेक्टिंग रॉड वाकलाय. तो सरळ न करता नवा पिस्टन टाकला तर तोही तसाच झिजेल.

या खुणा बघायला पाच मिनिटं पुरतात. नवा भाग आणायला नांदेडला जाण्याची घाई असते, त्यामुळं पुष्कळ गॅरेजात हीच पाच मिनिटं कुणी देत नाही.

व्हर्नियर खोटं बोलतो

आता माप. गॅरेजागॅरेजात पोचलेलं साधन म्हणजे व्हर्नियर कॅलिपर. तो सिलिंडरच्या तोंडाशी लावायचा, ६१.०२ असा आकडा वाचायचा आणि "स्टँडर्डच हाय की" म्हणून निकाल द्यायचा. यात दोन घोटाळे आहेत. कॅलिपरचे आतले जबडे सपाट आणि रुंद असतात. गोल भिंतीला ते नीट भिडत नाहीत आणि माप कमी दाखवतात. दुसरा घोटाळा जास्त मोठा आहे. जबडे पोचतात ते तोंडाशी असलेल्या त्या कोऱ्या कड्यापर्यंतच. तो तर सिलिंडरचा न झिजलेला भाग आणि माप नेमकं त्याचंच घेतलं जातं.

योग्य साधन म्हणजे बोअर गेज, म्हणजे लांब दांडीच्या टोकाला बसवलेलं डायल. ते नसेल तर टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर. आधी मायक्रोमीटरनं पिस्टन मोजायचा. कुठं? खालच्या अंगाला, पिनला काटकोनात, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या उंचीवर. साधारणतः ही जागा तळापासून एक-दीड सेंटिमीटर वर येते. माथ्याजवळ मोजून उपयोग नाही, तो भाग मुद्दामच लहान ठेवलेला असतो.

मग सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर मापं घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी: एकदा पुढं-मागं, एकदा डावं-उजवं. टू-स्ट्रोकमध्ये गेज खिडकीत जाऊ देऊ नका. समजा, राजदूतच्या एका सिलिंडरची मापं अशी आली:

वर: पुढं-मागं ६१.१४, डावं-उजवं ६१.०९
मध्ये: पुढं-मागं ६१.०८, डावं-उजवं ६१.०५
खाली: पुढं-मागं ६१.०३, डावं-उजवं ६१.०१

उभं वाचलं तर वर आणि खाली यांत ०.११ मिमीचा फरक आहे, म्हणजे भोक निमुळतं झालंय. आडवं वाचलं तर वरच्या पट्ट्यात ०.०५ मिमीचा लांबट गोल आहे. अशा नळीत नवी रिंग टाकली की तिला प्रत्येक फेऱ्याला वर फाकावं आणि खाली आकसावं लागतं. शिवाय गोल रिंग लांबट भिंतीला सगळीकडं टेकत नाही. नव्या रिंगा काही महिन्यांत का हरतात हे या सहा आकड्यांत दिसतं. लहान इंजिनांच्या बाबतीत झीज ०.१ मिमीच्या पुढं गेली की बोअर करावं, असा जाणत्या मिस्त्रींचा साधारण ठोकताळा असतो. वरचा सिलिंडर त्या रेषेच्या पलीकडं गेलाय.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासाठी एक सूचना. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पिस्टन ४५ अंशांपर्यंत सहज तापतो. कारखान्यातली मापं २० अंशांना धरलेली असतात. या २५ अंशांच्या फरकानं पिस्टन ०.०३ मिमी मोठा भरतो आणि सिलिंडर त्याच्या जवळपास निम्मा. उन्हात ठेवलेला पिस्टन आणि सावलीतला सिलिंडर मोजला तर क्लिअरन्सचा आकडा भलताच येईल. दोन्ही भाग आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच फरशीवर ठेवावेत आणि सकाळी ऊन चढायच्या आत मोजावेत.

चौकट: बोअर गेज नसेल तर रिंगेचं गणित

फक्त फट मोजायच्या फिलर गेजच्या पट्ट्या असतील तरी सिलिंडर किती निमुळता झालाय ते कळतं.

एक रिंग पिस्टनवरून काढा आणि सुटी सिलिंडरमध्ये घाला. पिस्टनच्या माथ्यानं तिला ढकला, म्हणजे ती तिरकी बसणार नाही. पहिल्यांदा अगदी तळाशी, न झिजलेल्या भागात, तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वर, झिजलेल्या पट्ट्यात आणून पुन्हा मोजा. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ नं भागा. येईल तो व्यासातला फरक.

खाली ०.२५ आणि वर ०.५५ आलं, तर फरक ०.३०. भागिले ३.१४, म्हणजे साधारण ०.१० मिमी.

हे चालतं, कारण रिंग घेर मोजते, आणि व्यास जितका वाढतो त्याच्या ३.१४ पट घेर वाढतो. याची मर्यादाही तीच आहे. भोक लांबट झालंय की गोलच राहिलंय, हे रिंग सांगत नाही. नव्या रिंगेची फट बोअरच्या हजारी तीन ते चार भाग असावी, म्हणजे ६१ मिमीला ०.२० ते ०.२५ च्या आसपास.

पंचवीस की पन्नास?

बोअर करायचं ठरलं की पुढचा प्रश्न मापाचा. पिस्टन ठरावीक टप्प्यांनी मोठे मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी. बाजारात त्यांना पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर म्हणतात. बुलेटसारख्या विलायती वंशाच्या गाड्यांची मापं इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे 'थाऊ'त चालतात.

आपल्या सिलिंडरचं सर्वांत मोठं माप ६१.१४. पंचवीसचं भोक ६१.२५ चं होणार. म्हणजे ०.११ शिल्लक आहे, पंचवीस आरामात निघेल, असं वाटतं. बोरिंग मशीनवरचा माणूस मात्र डायल फिरवून बघतो आणि म्हणतो, "पंचवीसमध्ये निघत नाही, पन्नास लागंल." गिऱ्हाइकाला वाटतं हा पिस्टन विकायला बघायलाय.

त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. समजा सगळी ०.१४ ची झीज एकाच भिंतीला झालीय. मशीन नवं भोक जुन्या मध्यावरूनच घेतं, आणि तो मध्य तळाच्या न झिजलेल्या भागावरून ठरतो. मध्य सरकवला तर भोक क्रँकच्या मानानं मूळ जागी राहणार नाही. मूळ त्रिज्या ३०.५० होती, त्या बाजूला ती ३०.६४ झाली. तिथली झीज पूर्ण निघायची तर नवा व्यास निदान ६१.२८ पाहिजे. पंचवीसच्या ६१.२५ मध्ये त्या भिंतीवर एक काळी, न लागलेली पट्टी तशीच राहील. एकतर्फी झीज दुप्पट धरायची, असा हा हिशेब आहे. झीज दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली असती तर पंचवीसनं काम भागलं असतं.

पुष्कळ जण सिलिंडर आधी बोअर करून आणतात आणि मग पिस्टन शोधायला निघतात. हा क्रम उलटा पाहिजे. जुन्या गाड्यांचे पिस्टन आता वेगवेगळ्या ठिकाणी बनतात आणि 'पन्नास' असा शिक्का असलेल्या दोन पिस्टनांत थोडा फरक निघू शकतो. बोअरच्या मानानं तो नगण्य असला तरी क्लिअरन्सच्या मानानं मोठा ठरतो. म्हणून पिस्टन आधी हातात यावा, तो मोजावा आणि बोरिंगवाल्याला पिस्टनसकट सांगावं: याच्यापेक्षा इतका क्लिअरन्स ठेवून भोक घ्या. काही जण बोअर केल्यानं गाडीची ताकद वाढली म्हणून मिरवतात. राजदूतचा सिलिंडर पूर्ण एक मिमी मोठा केला, तरी १७३.९ चे १७९.६ सीसी होतात. गाडी पळायला लागली ती कॉम्प्रेशन परत आल्यामुळं.

होनिंग, साबण आणि पहिले पाचशे किलोमीटर

बोरिंगची हत्यारं भिंतीवर बारीक आटे सोडतात. त्यावर होनिंगचे दगड फिरवून एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी काढतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली तर तेल धरायला जागा उरत नाही. या रेघांत तेल थांबतं आणि त्यांच्या कडांवर घासूनच नवी रिंग आपला आकार घेते. टू-स्ट्रोकचा सिलिंडर असेल तर खिडक्यांच्या धारदार झालेल्या कडा कानशीनं किंचित मोडून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग तिथं अडकते. हे काम बोरिंगवाल्याचं की मिस्त्रीचं, या वादात ते बरेचदा राहूनच जातं. सिलिंडर ताब्यात घेतानाच कडेवरून बोट फिरवून बघावं. रिंगेच्या खाचेत एक बारीक खिळीही असते. रिंगेची दोन्ही टोकं तिच्याशी आली पाहिजेत, म्हणजे ती फिरून खिडकीत शिरणार नाहीत.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे चुकीची करतात. बोअर झालेला सिलिंडर रॉकेल किंवा पेट्रोलनं धुतला जातो. त्यानं तेल निघतं, पण होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेघांत तशीच रुतून राहते. ती नव्या रिंगांना पहिल्याच शंभर किलोमीटरमध्ये खाते. तिच्यावर उपाय कपड्याचा साबण, गरम पाणी आणि ब्रश. खसखसून धुवायचा, लगेच कोरडा करायचा आणि तेल लावलेलं पांढरं फडकं आतून फिरवायचं. फडक्यावर राखाडी डाग उमटला तर पुन्हा धुवायचा. बीड उघडं राहिलं की पावसाळ्यात तासाभरात तांबूस होतं, म्हणून तेलाचा हात लगेच पाहिजे.

नवा पिस्टन बसवताना गजन पिनची जुनी लॉकं पुन्हा वापरू नयेत. एक लॉक निसटलं तर पिन सरकून नव्या भिंतीत खोल चर पाडते आणि सगळा खर्च पाण्यात जातो. पहिले पाचशेएक किलोमीटर गाडी एका वेगानं ताणू नये. वेग थोडा वाढवावा, सोडावा, पुन्हा वाढवावा. दूध, खत, तिसरा माणूस यांना तोपर्यंत सुट्टी. इंजिन उभ्या जागी तासभर चालू ठेवणं हे काही रनिंग नव्हे. त्यात नुसती उष्णता साठते आणि रिंग बसायला लागणारा दाब तयारच होत नाही.

जुनी राजदूत विकत घ्यायची असेल तर रंगाकडं आणि टाकीवरच्या चिन्हाकडं नंतर बघावं. मालक तयार असेल तर हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी लाकडी पट्टीनं खरवडावी. खाली एक आकडा कोरलेला सापडेल. आकडा नसेल किंवा 'एसटीडी' असेल तर सिलिंडरमध्ये अजून सगळे टप्पे शिल्लक आहेत. ०.५० असेल तर दोन. १.०० असेल तर पुढच्या खेपेला बोअरिंग होणार नाही, आत नवा लाइनर ठोकावा लागेल किंवा दुसरा सिलिंडर शोधावा लागेल. तो खर्च गाडीच्या किमतीतून वजा करूनच भाव बोलावा.